नव्या लॅपटॉपवरची ट्रायल आणि 'अपग्रेड करा'ची कटकट: काय ठेवायचं, काय काढायचं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी,

लेकीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणून नवी पेठेतून लॅपटॉप घेतला. विंडोज ११ आहे, सोबत ऑफिस 'फ्री' आहे असं सांगितलं गेलं. मशीनबद्दल काही म्हणणं नाही, झकास चालतं. म्हणणं आहे ते त्याच्याबरोबर आलेल्या वऱ्हाडाबद्दल.

एका अँटिव्हायरसची ट्रायल आधीच टाकलेली आहे. ती सारखी लाल चौकट दाखवून 'तुमचं संरक्षण संपतंय, आत्ताच रिन्यू करा' म्हणते. लॅपटॉप कंपनीचं अ‍ॅप वॉरंटी वाढवायला सांगतं. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय) म्हणतो जागा भरत आली, प्लॅन घ्या. अजून कॉलेजचं एक जर्नलही लिहून झालेलं नाही, तर जागा भरली कशानं? आणि अलीकडे उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असंही इंग्रजीत यायला लागलंय.

घरात दोन पक्ष आहेत. सौ. म्हणते पैसे भरून एकदाचे मोकळे व्हा. लेक म्हणते 'पप्पा, रिमाइंड मी लेटर दाबत राहायचं'. मला यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं तेच कळेना. अक्कलकोट रोडला आपलं टॉवेलचं छोटं युनिट आहे, तिथली बिलंही रात्री घरी याच लॅपटॉपवर करायचा विचार आहे, त्यामुळे प्रयोग करायची भीती वाटते. अँटिव्हायरस काढला तर चालतं का? ऑफिस खरंच फ्री आहे का? जाणकारांनी सांगावं.

बाळीवेस_बॉय

कशाला एवढं टेन्शन घ्यालाव अण्णा. फॉरमॅट मारा की ओ सरळ. आमच्या ओळखीतला एक पोरगा आहे, तासाभरात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून देतो.

खटपट्या

बाळीवेस, थांब जरा. त्या पोराकडून अजिबात नको. जुळेकर, तुमच्या मशीनवर पैसे मोजून घेतलेलं अस्सल विंडोज आहे, बहुतेक अस्सल ऑफिसही आहे. ते पुसून क्रॅक केलेलं (लायसन्सचं कुलूप तोडलेलं, चोरीचं) टाकायचं म्हणजे विकतचं दूध ओतून भेसळीचं आणणं झालं. वर ती क्रॅकची फाइल चालवायला हे लोक आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. त्याच मशीनवर तुम्ही बँक उघडणार.

आता मुद्द्याचं. जे जे काही विचारायला येतं, ते *कोण* विचारतंय हे आधी बघा. तुमच्या यादीत निदान चार वेगवेगळे लोक आहेत: विंडोज स्वतः, लॅपटॉप बनवणारी कंपनी, अँटिव्हायरसवाले आणि ते '५ व्हायरस'वालं भूत. चौघांचा इलाज वेगळा आहे.

सगळ्यात आधी ऑफिसचं बघा, कारण यादीतली हीच एक गोष्ट अशी आहे की दुर्लक्ष केलं तर नुकसान होतं. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा बिलावर काय लिहिलंय ते वाचा. 'ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१' किंवा 'ऑफिस होम २०२४' असं असेल तर ते त्या मशीनपुरतं कायमचं. नुसतं 'मायक्रोसॉफ्ट ३६५ ट्रायल' असेल तर मुदत संपली की फाइल उघडते, छापता येते, पण बदल करता येत नाहीत. हल्ली काही मॉडेलवर होम २०२४ कायमचं आणि त्याला जोडून '३६५ बेसिक' एक वर्षाचं, असंही येतं. बेसिक म्हणजे मुख्यतः १०० जीबी वनड्राइव्ह. ते वर्षानं संपतं, त्याच्याबरोबर वर्ड-एक्सेल संपत नाही. लोक इथेच घाबरून पैसे भरतात.

कायमचं असेल तर ते विंडोज पहिल्यांदा चालू केल्यापासून १८० दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्ट खात्यावर चढवून घ्यावं लागतं. 'नंतर' दाबत राहिलात तर ही सवलत हातची जाते.

जुळे_सोलापूरकर

खोकं माळ्यावरून काढलं. 'ऑफिस होम २०२४' आणि खाली बारीक अक्षरात '३६५ बेसिक, १ वर्ष' असंच आहे. म्हणजे ते चालू करायचं. पण खातं कुठलं? दुकानातल्या मुलानं सुरुवातीला काहीतरी मेल आयडी टाकून सुरू करून दिलं होतं.

खटपट्या

हेच विचारणार होतो. बऱ्याच दुकानांत घाई असते. मुलगा तिथल्या तिथे एक नवा आयडी काढतो, गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे आकडे जोडून, पासवर्ड स्वतःच्या मनाचा. ऑफिस त्याच खात्यावर चढतं आणि त्याच खात्याचं होऊन बसतं. दोन वर्षांनी विंडोज नव्यानं टाकायची वेळ येते तेव्हा ना आयडी आठवत, ना पासवर्ड, आणि तो मुलगा तोवर पुण्याला गेलेला असतो.

स्टार्ट, सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो. तिथे जो पत्ता दिसेल तो तुमचा आहे का? नसेल तर ऑफिस चढवायच्या *आधी* लेकीच्या स्वतःच्या आयडीनं साइन इन करा. चढवलेलंच असेल तर दुकानात जाऊन पासवर्ड घ्या आणि त्या खात्यात स्वतःचा मोबाइल व मेल टाकून पासवर्ड बदला.

याच खात्याशी आणखी एक गोष्ट बांधलेली असते, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुतेक वेळा आपोआप एनक्रिप्ट (कुलूपबंद) होते. कधी बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर निळा पडदा येऊन ४८ आकडी की मागितली, तर ती या खात्यातच सापडते. खातं परक्याचं असेल तर सगळी जर्नलं आणि बिलं गेली.

कन्ना_चौक

वाखुसा (वाचनखूण साठवली). ही की भानगड माहीतच नव्हती. आजच बघते.

खटपट्या

आता अँटिव्हायरस. काढला तर चालतं, बिनधास्त काढा. विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासून आहे, विंडोज ८ पासून अंगभूत येतो. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असला की तो बाजूला होतो. दुसरा निघाला की आपण होऊन कामाला लागतो, वेगळे पैसे नाहीत.

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स, नावापुढचे तीन ठिपके, अनइन्स्टॉल. काढताना तो विनवण्या करेल, सूट देईल, 'तुम्ही असुरक्षित होणार' म्हणेल. शेवटपर्यंत जा. मग रीस्टार्ट. काही वेळा पाळंमुळं राहतात, म्हणून मॅकअफी, नॉर्टन वगैरे कंपन्यांनी स्वतःचीच काढणी-साधनं वेबसाइटवर मोफत ठेवली आहेत, ती त्यांच्याच साइटवरून घ्यावीत. नंतर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'समोर हिरवी खूण आली का बघा. ती बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच ठेवणं. त्याला नव्या व्हायरसची माहिती मिळणं थांबतं, आणि राखण नक्की कोण करतंय याचा पत्ता लागत नाही.

डबेवाला_दुकानदार

मी याच धंद्यातला आहे, म्हणून थोडं आमच्या बाजूचं. ही ट्रायल आम्ही टाकत नाही, कारखान्यातून येतानाच असते. लॅपटॉपवर कंपनीला सुटतं थोडं, मग अँटिव्हायरसवाल्यांकडून त्या जागेचे पैसे घेतात. २००८ मध्ये सोनीनं तर लॅपटॉप 'स्वच्छ' करून द्यायचे ५० डॉलर लावले होते. बोंबाबोंब झाल्यावर लगेच फुकट केलं.

पण 'डिफेंडर पुरे' हे सरसकट मान्य नाही. आमच्याकडे झेरॉक्सवाल्याच्या पेनड्राइव्हनं सगळे फोल्डर शॉर्टकट झालेली मशीन अजून येतात. ज्याच्याकडे दिवसभर परकी पेनड्राइव्हं लागतात, त्यानं घेतला अँटिव्हायरस तर पैसे वाया गेले असं नाही. फक्त पॉपअपमधून रिन्यू करू नका. तिथला दर आणि बाजारातल्या डब्याचा दर यात चांगलाच फरक पडतो. दोन दुकानांत विचारा.

खटपट्या

दुकानदार, पेनड्राइव्हचं म्हणणं रास्त आहे, पण शॉर्टकटवाला व्हायरस डिफेंडरही पकडतो. मी बघितलेल्या बहुतेक मशीनवर तो बंद करून ठेवलेला होता, नाहीतर अपडेट वर्षभर थांबवलेले होते. दराचं मात्र पटलं.

कन्ना_चौक

ते '५ व्हायरस'वालं मी सांगते, आमच्या सायबर कॅफेत याचा रोज तमाशा असतो. तो अँटिव्हायरस नाहीच. निकाल किंवा जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना एखादी भुक्कड साइट उघडते आणि म्हणते 'तुम्ही रोबोट नसाल तर अलाऊ दाबा'. पोरं दाबतात. त्या क्षणापासून त्या साइटला कोपऱ्यात चिठ्ठ्या टाकायची परवानगी मिळते. मग ती एखाद्या मोठ्या अँटिव्हायरसचा लोगो लावून 'तुमचं सबस्क्रिप्शन संपलं' म्हणत बसते, तो अँटिव्हायरस मशीनवर नसला तरी!

ओळखायचं कसं? चौकट आली की बंद करायची घाई करू नका, तिच्याकडे नीट बघा. वरच्या ओळीत बारीक अक्षरात 'गूगल क्रोम' किंवा 'एज' लिहिलेलं असतं आणि खाली कुठल्यातरी विचित्र साइटचा पत्ता. ब्राउझरचं नाव दिसलं की समजायचं, संगणकातल्या अँटिव्हायरसनं हे पाठवलेलंच नाही.

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. 'अलाऊड'च्या यादीत ओळखीचं नसेल ते सगळं काढा. मी तर कॅफेतल्या सगळ्या मशीनवर कुठल्याच साइटला विचारूसुद्धा देत नाही, तसा पर्याय तिथेच आहे. एजमध्येही जवळपास असंच.

सात_रस्ता

+१. आणि त्या चौकटीवर टिचकी मारल्यावर पूर्ण पडदाभर 'या नंबरवर फोन करा' आलं तर फोन करू नये. समोरचा एनीडेस्कसारखं, दुरून तुमचं मशीन चालवता येणारं काहीतरी टाकायला लावतो आणि मग बँक उघडायला सांगतो. पडदा जात नसेल तर ऑल्ट आणि एफ-४, नाहीतर पॉवरचं बटण दाबून धरा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

जुळे_सोलापूरकर

कन्ना चौक, अगदी बरोबर! वर 'गूगल क्रोम' लिहिलेलं आहे. यादीत चार साइट सापडल्या, एकही ओळखीची नाही. काढल्या. लेक म्हणते मी काही दाबलं नव्हतं. असो.

वनड्राइव्हचं कोणी सांगेल का?

हिशोबनीस

मी सांगतो, माझ्या अशिलांची निम्मी रडगाणी यावरच असतात. फुकट खात्याला ५ जीबी मिळतात. नवं मशीन सुरू करताना 'बॅकअप चालू करा' येतं, आपण पुढे पुढे दाबत जातो आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हवर चढायला लागतात. मोबाइलमधले लग्नाचे फोटो लॅपटॉपवर उतरवले असतील तर ५ जीबी एका बैठकीत संपतात. तुमच्या बाबतीत १०० जीबीचं बेसिक खात्यावर चढलेलं नाही, म्हणून ५ च दिसत असणार.

इथे एक सावधगिरी. 'जागा भरली' म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइली उडवू नका. ते फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. इथे उडवलं की तिथलंही जातं आणि तिथे उडवलं की इथलंही. आमच्याकडे एकानं असं जीएसटीचं पूर्ण वर्षाचं फोल्डर उडवलं. रीसायकल बिनमध्ये सापडलं म्हणून वाचला.

बंद करायचं तर घड्याळाजवळचा निळा ढग, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप. तिथे तिन्ही खटके बंद करता येतात. त्याआधी फाइलींपुढची खूण बघा. नुसता ढग असेल तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाहीच, राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' दाबा आणि उतरू द्या. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथून ओढून परत आणायच्या.

बाळीवेस_बॉय

एवढं सगळं करण्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाका. ना ट्रायल, ना वनड्राइव्ह. विषय कट.

खटपट्या

आला का लिनक्स! कुठल्याही धाग्यावर दहाव्या प्रतिसादाच्या आसपास येतोच. मी स्वतः वापरतो, पण इंजिनिअरिंगच्या पोरीला ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) लागणार आणि ते लिनक्सवर येत नाही. जुळेकर, त्यावरून आठवलं: ऑटोकॅड उतरवताना 'फ्री ट्रायल' दाबू नका. ते बनवणाऱ्या ऑटोडेस्कची विद्यार्थ्यांसाठी वेगळी मोफत नोंदणी आहे. कॉलेजचं ओळखपत्र लागतं, वर्षाची मुदत मिळते आणि शिकत असेपर्यंत वाढवून मिळते. कॉलेजनं स्वतःच्या नावाचा मेल आयडी दिला असेल तर त्यावर आणखी काय काय मोफत आहे ते लॅबमध्ये विचारा. पोरं ट्रायल संपली की क्रॅक शोधत फिरतात आणि हक्काचं तसंच पडून राहतं.

विंडोजच्या स्वतःच्या सूचना राहिल्या. सेटिंग्ज, सिस्टम, नोटिफिकेशन्स, अगदी तळाशी 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज'. तिन्ही खुणा काढा. 'सेटअप पूर्ण करा' म्हणून अधूनमधून पूर्ण पडदा अडवणारं प्रकरण यातलंच. मग पर्सनलायझेशनमध्ये स्टार्ट, तिथे 'टिप्स' आणि 'रेकमेंडेशन्स' असलेला खटका बंद. फाइल एक्सप्लोररमध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून ऑप्शन्स, व्ह्यू, आणि 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स'ची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर एखादी सूचना पुन्हा दिसली तर याच जागा परत तपासा.

लॅपटॉप कंपनीचं अ‍ॅप मात्र सरसकट उडवू नका. ड्रायव्हर, बायोस आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याचदा त्यातूनच मिळते. अ‍ॅप ठेवा, त्याच्या नोटिफिकेशन्स बंद करा. गेम वगैरे उडवून टाका.

सात_रस्ता

अवांतर: ही कटकट म्हणजे नुसती आपली चिडचिड नाही, तिला कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'बाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. सारखं सारखं टोचणं हा एक, सबस्क्रिप्शन घेणं सोपं पण सोडणं अवघड करून ठेवणं हा दुसरा, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं हा तिसरा, खोटी घाई हा आणखी एक. पैसे कापले गेले आणि कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पॉपअप बंद व्हावा म्हणून कोणी तिथे फोन करणार नाही, पण रिफंड अडकला तर जरूर करावा.

हिशोबनीस

पैशावरून: 'पहिला महिना फुकट' म्हणून कार्ड मागितलं की थांबा. तिथे कार्ड देणं म्हणजे पुढच्या वसुलीला होकार देणं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी वसुली करण्याआधी किमान २४ तास बँकेनं कळवावं लागतं, आणि आता १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय कापली जाऊ शकते. म्हणजे तो आदल्या दिवशीचा मेसेज हीच तुमची शेवटची संधी. जाहिरात समजून तो पुसू नका. यूपीआयवर घेतलं असेल तर अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघडा, सगळे मँडेट (आपोआप वसुलीच्या परवानग्या) तिथे दिसतात आणि तिथूनच रद्द होतात.

आता कारखान्याचं. घरगुती ऑफिसवर लेकीचा अभ्यास ठीक. धंद्याच्या कामासाठी 'होम अँड बिझनेस' हे वेगळं पॅकेज असतं. बिलं आणि पार्ट्यांची यादी एवढंच असेल तर लिबरऑफिस टाका, ते धंद्यालाही मोफत आहे. फक्त जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत असतील तर तो फाँट मशीनवर असल्याशिवाय कुठल्याच ऑफिसात ती वाचता येणार नाहीत, त्याचा दोष लिबरऑफिसला देऊ नका.

आणि टॅली वापरत असाल तर त्यातही 'रिन्यू करा' येतं, त्याला टीएसएस म्हणतात. कायमचं लायसन्स असेल तर टीएसएस संपल्यानं टॅली बंद पडत नाही. नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयी थांबतात. ई-इन्व्हॉइस थेट टॅलीतून काढत असाल तर घ्यावंच लागतं.

चादरवाले

मध्येच विचारतो. घरी जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १०. त्यावर 'सपोर्ट संपला, नवीन पीसी घ्या' असं येतंय. हीसुद्धा असलीच फसवाफसवी का?

खटपट्या

नाही, ही सूचना खरी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडणार नाही, पण सुरक्षेचे अपडेट थांबतात. मात्र 'नवीन पीसी घ्या' हा त्यावर एकमेव उपाय नाही. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'ची नोंदणी आहे, तिनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर नोंदणीला पैसे पडत नाहीत. तिथे पैसे भरायचा पर्यायही दिसेल, तो निवडायचं कारण नाही.

विंडोज ११ चालेल का ते मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक'वर बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. कधी टीपीएम असतं, नुसतं बायोसमध्ये बंद असतं.

चादरवाले

बघितलं. सहावी पिढी आहे, म्हणजे ११ नाही. नोंदणीचं पान उघडलंय, पण विंडोजला साइन इन दुकानाच्या जुन्या आयडीनं केलेलं दिसतंय.

खटपट्या

मग तिथेच थांबा. आधी स्वतःचा आयडी काढा, अकाउंट्समध्ये जाऊन तो लावा, आणि त्यानंतरच नोंदणीचं बटण दाबा.